"बोर्ड शॉर्ट आहे, मॅडम" : ८,८०० रुपये आणि दोन रॅम

रॅम वाढवली आणि लॅपटॉप चालूच होईना, म्हणून दुकानाकडे निघाला असाल तर आधी हे वाचा. माझे ८,८०० रुपये गेले, वर लॅपटॉपमधल्या दोन्ही रॅमही गेल्या. दुकान टिळक रोडच्या आतल्या गल्लीत आहे. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

मी रिटर्न भरायची कामं घेते. जुलैअखेर टॅली आणि एक्सेल एकत्र उघडलं की लॅपटॉप मान टाकायचा, म्हणून आधीच्या ८ जीबीच्या जोडीला तशीच दुसरी डीडीआर४, ३२०० स्पीडची, ३,९५० रुपयांना घेतली. घरीच बसवली. "हात कशाला लावलात" हे आता कोणी सांगू नका. बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा असतो हे मला माहीत होतं आणि मी तो काढला होता. तरी स्क्रीन काळी.

दुकानातल्या मुलाने काउंटरवर बटण दाबलं. पंखा दोन-तीन सेकंद घुर्रर्र झाला, थांबला, परत फिरला. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत होता. तो म्हणाला, "बोर्ड शॉर्ट आहे, मॅडम. सतरंजीवर बसून केलंत का? स्टॅटिकने जातो." म्हणजे आपल्या अंगातल्या स्थिर विजेने लॅपटॉपचा मदरबोर्ड जळला.

अहो, झाकण उघडलं नव्हतं त्याने! शॉर्ट झालेला बोर्ड पंखा फिरवून दिवे लुकलुकवत बसतो का? रॅम नीट बसली नाही की मशीन नेमकं असंच करतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी सतरंजीचा विचार करत बसले. ही माणसं बोर्ड तपासतच नाहीत, आपला चेहरा तपासतात. स्वतः उघडलंय म्हटल्यावर गिऱ्हाईक आधीच ओशाळलेलं असतं. त्यात क्लायंटची रिटर्नं अडकलेली. तुम्ही काय केलं असतंत?

तपासणी ५००, "नवीन बोर्ड" ६,५००, "बायोस प्रोग्रॅमिंग" १,८००. जुना बोर्ड मागितला तर म्हणे एक्सचेंजमध्ये गेला. बिल म्हणून पिवळी चिठ्ठी : "लॅपटॉप वर्क ८,८००". १६ जीबी दिसतंय हे मात्र आवर्जून दाखवलं.

पुढे मावसभावाने टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघितला : २४००. झाकण काढलं तर दोन्ही रॅम जुन्या, स्टिकर खरवडलेल्या. आणि बोर्ड? रॅम बसवताना मी फोटो काढला होता, त्यातलाच नंबर. तोच बोर्ड! फोटो मोठा करून त्याने दाखवलं, नव्या रॅमची सोनेरी कड स्लॉटबाहेर दिसत होती. तिरकी घालून पूर्ण आत ढकलायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून लागल्या पाहिजेत. एवढंच राहिलं होतं. ह्याचे ८,८००.

दुकानदार : "तुम्ही चेक करून नेलात ना?"

चौकीत गेले. साहेब म्हणाले, "रॅम चोरीला गेली, पण लॅपटॉप तुमच्याकडेच आहे ना?" मग, "हे दिवाणी आहे." मग भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ काय शोभेला ठेवलंय? सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, आमच्यात बसत नाही. एका हेल्पलाइनने तक्रारीचा नंबर दिला, पक्कं बिल मागितलं आणि आठवड्याने मेसेज : तक्रार निकाली. कोणी काढली निकाली? मला एक फोन नाही. पक्कं बिल देणारा दुकानदार असता तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता? चोराकडून पावती आणा म्हणतात!

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

मशीन देण्याआधी रॅम आणि एसएसडीच्या स्टिकरचे फोटो काढा आणि नंबर जॉब शीटवर लिहून घ्या. लिहीत नसेल तर उठा. त्याही आधी नवी रॅम काढून जुनी एकटी लावून बघा. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, घाबरून लगेच बंद करू नका. बोर्ड बदलला म्हणाले तर जुना हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि त्या गल्लीत कोणाला "बोर्ड शॉर्ट" ऐकवून अशीच पिवळी चिठ्ठी दिली असेल तर ती फेकू नका, मला कळवा. माझ्या तक्रारीला जोडते.