शाळेच्या संगणकातल्या जुन्या फायली: पेनड्राइव्ह, डीव्हीडी की हार्ड डिस्क?

खेड्यातल्या शाळेत संगणक एक आणि हात अनेक. बाबूंची पगारपत्रके, सरांच्या प्रश्नपत्रिका, गॅदरिंगचे व्हिडिओ, सगळे एकाच ठिकाणी. ड्राइव्ह भरला की कुणीतरी ‘जुने’ उडवतो आणि ते नेमके दुसऱ्याच्या कामाचे निघते. त्यापेक्षा बाहेर काढून ठेवलेले बरे. पण कशावर?

पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, सांभाळून ठेवायला नाही. त्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे न वापरता उकाड्यात पडून राहिला की तो भार गळत जातो. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. टिनाखालच्या लोखंडी कपाटाचे तर विचारूच नका. शिवाय झेरॉक्सच्या दुकानापासून सेतू केंद्रापर्यंत फिरून तो व्हायरस घेऊन येतो, ते वेगळेच.

डीव्हीडीला आता लोक हसतात. मला मात्र तिचा एक गुण अजून पटतो: एकदा लिहून बंद केलेल्या डीव्हीडी-आरमधला मजकूर कुणाला बदलता येत नाही, व्हायरसलाही नाही. निकालपत्रके, दाखलखारीज रजिस्टरचे स्कॅन यांना ती चालेल. पण जागा जेमतेम 4.7 जीबी, उन्हात ठेवली की खराब होते, आणि नव्या लॅपटॉपला ती वाचायची सोयच नसते.

राहिली बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. 1 टीबीच्या डिस्कमध्ये दोनशेवर डीव्हीडींचा ऐवज मावतो. माझे मत हिलाच, पण दोन घेणार असाल तर. एक हातून पडली की खेळ खलास. दुसरी शाळेत नको, तालुक्याला राहणाऱ्या एखाद्या सरांच्या घरी असू द्या. कुलरच्या दमट झोतासमोर तर कोणतीच नको. डिस्क एफएटी32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर 4 जीबीहून मोठी फाइल ती घेणार नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. आणि कट-पेस्ट कधीच नाही, मध्येच लाइन गेली की गोंधळ. आधी कॉपी, मग फायलींची संख्या व आकार ताडून पाहा, चार-दोन उघडून बघा, दुसऱ्या डिस्कवरही घ्या, त्यानंतरच मूळ काढा.

कोणती फाइल जुनी, हे ‘शेवटची उघडली’ या तारखेवरून ठरवू नका. विंडोज ती बरेचदा नोंदवतच नाही. शेवटचा बदल कधी झाला ते बघा आणि ज्याची फाइल त्याला विचारा. हलवलेल्या फोल्डरच्या जागी ‘डिस्क 2, सन 2014-15’ एवढी चिठ्ठीवजा टेक्स्ट फाइल सोडा, नाहीतर मॅडम येऊन म्हणणारच, माझ्या फायली कोणी उडवल्या? मोठ्या संगणक केंद्रांत टेपवर गेलेल्या फाइलचे नाव यादीत तसेच राहते, मागितली की यंत्रणा ती परत आणते. आपल्याकडे ते काम या चिठ्ठीचे.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली पत्रे असतील तर तो फॉन्टही त्याच फोल्डरात टाका. नाहीतर फाइल शाबूत आणि अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे.