केशर कशात घालावं: काट्यांच्या पाण्यात, नारळाच्या रसात की भातात?

आमच्याकडे केशराची डबी विकत आणली जात नाही, ती येते. घरातलं किंवा शेजारचं कोणीतरी काश्मीरला जाऊन आलं की एक ग्रॅमची चपटी डबी हातात पडते आणि फडताळात साखरेच्या बरणीमागे जाऊन बसते. कोजागिरीच्या दुधात चार काड्या, श्रीखंडात चार, बाकी वर्षभर झाकण बंद. मग पावसाळा येतो. मालवणच्या दमट हवेत पापडसुद्धा मऊ पडतो, तिथे केशराचं काय होणार? पुढच्या वर्षी डबी उघडावी तर काड्या लिबलिबीत आणि वास जवळजवळ गेलेला.

म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की आलेली डबी सहा महिन्यांत संपवायची, आणि तीही माशांवर. सोमवार-गुरुवार सोडले तर आमच्या घरी रोज मासे असतात. त्यामुळे प्रयोगाला वेळ मिळाला आणि तीन पद्धती पुन्हा पुन्हा करून पाहता आल्या. तुमच्याही घरी अशी डबी असेल आणि कशावर खर्ची घालावी हे ठरत नसेल, तर माझं मत आधीच सांगते: सुरमईचं किंवा रावसाचं ताजं डोकं मिळत असेल तर काट्यांच्या पाण्याचा पातळ रस्सा करा. घरात लहान मुलं असतील, किंवा नुसती कोळंबी मिळाली असेल, तर नारळाचा रस. पाहुणे जास्त असतील तर भात. तळणीत आणि बांगड्यात घालू नका.

असं का, हे कळायला हळद आणि केशर शेजारी ठेवून पाहावं लागतं. पहिल्यांदा मी केशर हळदीसारखंच वापरलं होतं, म्हणजे थेट फोडणीत टाकलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. "काय गो, हळद संपली काय?" म्हणाल्या. त्या दिवशीचा रस्सा फिका झाला, वर करपलेल्या चार काळ्या काड्या तरंगत होत्या. चूक माझी समजुतीची होती. हळदीचा रंग तेलात उतरतो, म्हणून आपण ती फोडणीत घालतो आणि ती तिथेच फुलते. केशराचा रंग ज्या क्रोसिनमुळे येतो ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. गरम तेलात काडी कोरडी जळते आणि रंग तिच्यातच अडकून राहतो. केशराचा कडवटपणा पिक्रोक्रोसिनचा. फूल तोडल्यावर काड्या वाळवतात तेव्हा त्यातूनच सॅफ्रनाल तयार होतं, आणि केशराचा वास मुख्यतः त्याचा. हा वास उडून जाणारा आहे. टोप उघडा ठेवून अर्धा तास खळखळ उकळलं तर वास स्वयंपाकघरभर पसरतो आणि वाटीत काही उरत नाही.

तेव्हा कोणतीही पद्धत घ्या, सुरुवात एकच. चार माणसांसाठी तीसेक काड्या छोट्या खलबत्त्यात चिमूटभर साखर घालून कुटायच्या. साखरेचे कण काडीला घासतात, पूड बारीक होते. त्यावर तीन चमचे कोमट पाणी घालून झाकून अर्धा तास ठेवायचं. उकळतं पाणी नको. यातलं अर्धं पाणी सुरुवातीला जातं, रंगासाठी. उरलेलं अर्धं गॅस बंद करताना, वासासाठी. ही वाटणी करायला लागल्यापासून माझं केशर वाया गेलेलं नाही.

आता काट्यांचं पाणी. समुद्राकाठच्या लोकांनी माशात केशर घालणं हे काही नवीन नाही. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरावर बुयाबेस नावाचा रस्सा होतो. तो मूळचा कोळ्यांचा. बाजारात ज्यांना गिऱ्हाईक नाही असे खडकातले काटेरी मासे, त्यात कांदा, लसूण, टोमॅटो, बडीशेपेचं झाड आणि केशर. रस्सा आधी पावाबरोबर खायचा, मासे वेगळ्या ताटात. मला यात दोन गोष्टी फार जवळच्या वाटल्या. एक, किमती केशर कमी किमतीच्या माशावर घालण्याची हिंमत. दुसरी, बडीशेप. आपल्या मालवणी मसाल्यात ती असतेच, त्यामुळे तिचा आणि माशाचा मेळ आपल्या जिभेला ओळखीचा आहे.

मी करते ते असं. अर्ध्या किलोचं डोकं, कल्ले पूर्ण काढून टाकलेलं. मासेवालीला सांगितलं की ती काढून देते, पण घरी आल्यावर बोट घालून एकदा बघाच. कल्ल्याचा आणि मणक्यालगतच्या रक्ताचा अंश राहिला तर पाणी कडू होतं, आणि केशराचा स्वतःचा कडवटपणा त्यात मिसळला की तो सहन होत नाही. दोन कांदे उभे चिरून वास नसलेल्या तेलात मऊ करायचे, लाल होऊ द्यायचे नाहीत. खोबरेल तेल एरवी मला प्रिय आहे, इथे त्याचा वास वरचढ होतो. मग सात-आठ लसूण पाकळ्या, चमचाभर बडीशेप, दोन पिकलेले टोमॅटो, डोकं आणि सव्वा लिटर पाणी. मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. मटणासारखं तासभर उकळलं तर काट्यांमधून चिकटपणा आणि कडूपणा दोन्ही उतरतात. गाळून घ्यायचं, डोक्यातलं मांस सोडवून बाजूला ठेवायचं. गाळलेल्या पाण्यात मीठ, एक हिरवी मिरची चिरून आणि अर्धं केशराचं पाणी. उकळी आली की इंचभर जाडीच्या तुकड्या सोडायच्या, आच कमी करायची. सुरमईला सात मिनिटं पुरतात, पापलेटच्या पातळ तुकड्यांना चार-पाच. सोडवलेलं मांस आणि उरलेलं केशर शेवटी.

यात वाटप नाही, तिखटाची पूड नाही, आमसूल नाही. पहिला घोट घेताना घरच्यांना काहीतरी राहिलंय असं वाटेल, हे मी मान्य करते. आमच्याकडे दुसऱ्या वाटीला ते वाटणं थांबलं. केशराची चव बारीक आहे, मधासारखी आणि वाळक्या गवतासारखी, आणि ती कळायला आजूबाजूला शांतता लागते. पातळ रस्सा ती देतो. या पद्धतीचा तोटा एकच: माशाचं डोकं त्याच दिवशीचं हवं. बर्फातलं तीन दिवसांचं डोकं घेऊन हा रस्सा होत नाही.

आंबटाचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे माशाला आंबट लागतंच. आमसुलाचा लाल-जांभळा रंग केशराच्या पिवळ्यात उतरला की रस्सा विटकरी दिसतो, आणि आमसुलाचा वास केशराला झाकून टाकतो. चिंचेचंही तेच. टोमॅटो चालतो. शेवटी पिळलेलं लिंबू चालतं. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांत उत्तम म्हणजे कैरीच्या दोन फोडी: रंग बिघडत नाही, आंबटपणा स्वच्छ येतो. बिंबलंही घालून पाहिली, ती बरी लागली.

नारळाच्या रसाची पद्धत आपल्याला सहज वाटते, कारण हात तिकडेच वळतो. एका नारळाचा जाड रस वेगळा, पातळ रस वेगळा. पातळ रसात आल्याचा तुकडा, हिरवी मिरची, कांदा शिजवायचा, त्यातच केशराचं पहिलं पाणी. मग कोळंबी किंवा पापलेट. शेवटी जाड रस घालून नुसता गरम करायचा, उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतो. रंग इतका देखणा येतो की वाढताना आनंद होतो. आमची धाकटी माशाला नाक मुरडते, ती हा रस्सा भातावर घेऊन सगळा संपवते.

पण केशराच्या दृष्टीने पाहिलं तर हा सौदा महाग आहे. नारळाच्या स्निग्धपणात वास दबतो. तोच वास हवा तर तीसऐवजी पंचेचाळीस-पन्नास काड्या लागतात. शिवाय नारळ गोड आणि केशराचा वासही मधाकडे झुकणारा, त्यामुळे ताजी मिरची आणि लिंबू नसेल तर पदार्थ खिरीच्या दिशेने जातो. केशर भिजवायला गरम नारळाचा रस वापरू नका, पाणीच वापरा.

भाताचं उदाहरण स्पेनच्या वालेन्सिया भागातला पाएया. तिथला जुना प्रकार कोंबडी, ससा आणि शेंगांचा, पण किनाऱ्यावर तोच भात कोळंबी-शिंपल्यांचा होतो आणि केशर दोन्हीकडे असतं. आपल्याकडे कोळंबीभात आहेच, फक्त मसाला बाजूला ठेवायचा. कोळंबीची टरफलं आणि डोकी फेकू नका. ती थोड्या तेलात परतून पाण्यात पंधरा मिनिटं उकळली की सुरेख पाणी मिळतं. दोन वाट्या तांदळाला त्याचं चार वाट्या पाणी आणि सगळं केशर एकदमच. भात पाणी पिऊन घेतो, झाकण घट्ट असतं, म्हणून वास उडत नाही. कोळंबी शेवटच्या पाच मिनिटांत. तांदूळ कोलम घ्या. आंबेमोहोराला स्वतःचा वास आहे, दोघांची ओढाताण होते. उकडा तांदूळ पेजेला राहू द्या. त्याच्या लालसर दाण्यावर केशर दिसत नाही. तीस काड्यांत सहा माणसं जेवतात, आणि चुकण्याची शक्यता तिन्हींत सर्वांत कमी. मग मी याला पहिली पसंती का देत नाही? कारण भातात केशर चांगलं लागतं हे आपल्याला साखरभातापासून ठाऊक आहे. माशाशी त्याचं काय जमतं हे रस्साच सांगतो.

तळणीबद्दल दोनच वाक्यं. रवा लावून तळलेल्या तुकडीत तेलाची आच आणि तिखट यांच्यापुढे केशर उरत नाही. दह्यात केशर कालवून पापलेटला चोळून, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलं तर थोडं जाणवतं, पण तेवढ्या काड्यांत रस्सा झाला असता.

मासा कोणता, यावर बाजारात उभं राहून ठरवावं लागतं. पांढऱ्या मांसाचा, सौम्य चवीचा हवा: सुरमई, रावस, पापलेट, तांबोशी, घोळ, रायगडकडे असाल तर जिताडा. पापलेटला 2023 साली महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला आणि त्याचा भाव तर सगळ्यांना माहीतच आहे, पण रस्स्यासाठी त्याचं डोकं लहान पडतं. त्यासाठी सुरमईच. बांगडा आणि तारली तेलकट, त्यांचा वास ठाम. त्यांना तिरफळं आणि आमसूल हेच खरे सोबती. एकदा मी बांगड्याच्या रस्स्यात तिरफळं आणि केशर दोन्ही घातलं. तिरफळाने जीभ बधिर केली आणि केशर कुठे गेलं ते कळलंही नाही. मोरीला तिचा मसाला लागतो. बोंबील इतकं पाणी सोडतो की रस्सा फिका पडतो.

खर्चाचा हिशेब बसवून पाहा, कारण बहुतेकजण इथेच थबकतात. एका फुलात तीन काड्या, आणि किलोभर केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात. म्हणजे एका ग्रॅममध्ये साधारण साडेचारशे काड्या. तीस काड्यांचा एक रस्सा धरला तर एका डबीत पंधरा वेळा होतो. डबीची किंमत पंधराने भागा: एका वेळचं केशर सुरमईच्या एका तुकडीहून स्वस्त पडतं. नारळाच्या पद्धतीत तीच डबी नऊ-दहा वेळांत संपते.

अर्थात डबीत केशर असेल तर. मला एकदा भेट मिळालेली डबी रंगवलेल्या तंतूंची निघाली. मक्याच्या कणसाचे केस रंगवतात, करडईच्या पाकळ्याही केशर म्हणून खपवतात. थंड पाण्यात दोन काड्या टाकून बघा. खऱ्या केशराचा रंग हळूहळू, पिवळा उतरतो आणि काडी बराच वेळ लालच राहते. टाकताक्षणी पाणी लाल झालं आणि काडी पांढरी पडली तर तो रंग आहे. खऱ्या काडीचं एक टोक तुतारीसारखं रुंदावलेलं असतं. जिभेवर ठेवली तर वास गोडसर पण चव कडवट. चव गोड लागली तर साखरेचं पाणी लावलंय असं समजा. पंपोर आणि आसपासच्या काश्मिरी केशराला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चिन्ह असलेली डबी घेतली तर बरं. इराणी केशरही उत्तम असतं, जगातलं बहुतेक केशर तिथलंच.

वेळेचंही बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, तेव्हा ताजं मोठं डोकं मिळणं कठीण. त्या दोन महिन्यांत मी केशर काढतच नाही. सुक्या माशाला तर ते अजिबात घालू नये. डबी काचेच्या छोट्या बरणीत, ती बरणी स्टीलच्या घट्ट डब्यात, अंधारात. उजेडाने रंग जातो, दमटपणाने वास.

बांगड्याचं तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, केशराचा रस्सा मात्र दुसऱ्या दिवशी फिका पडतो. म्हणून मी ऑक्टोबरनंतर चांगली डोकी मिळाली की दुप्पट पाणी उकळते, गाळते आणि त्यातलं अर्धं पाणी केशर न घालताच बर्फाच्या कप्प्यात ठेवते. अचानक कोणी आलं तर बाजारातून फक्त चार तुकड्या आणायच्या, आणि पिशवी घेऊन बाहेर पडायच्या आधी तीस काड्या भिजत घालायच्या.