रेड डॉट कशावर: कार्बाइन, रिव्हॉल्व्हर की धनुष्य?

शिकारीसाठी एकच रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी, नेम धरायची साइट) घेऊन तिन्ही हत्यारांवर आलटून पालटून वापरायचा विचार असेल, तर तो आधीच सोडा. कार्बाइनवर, म्हणजे आखूड नळीच्या रायफलवर, चोख चालणारी साइट रिव्हॉल्व्हरवर खिळखिळी होऊ शकते आणि धनुष्यावर तर तिचा ठिपका चक्क फसवतो.

आधी ठिपक्याचा आकार बघू. तो एमओए या कोनाच्या मापात मोजतात. 1 एमओए म्हणजे 100 मीटरवर साधारण 2.9 सेंमी. तिथे 2 एमओएचा ठिपका सहाएक सेंमी जागा झाकतो, तर 6 एमओएचा साडेसतरा सेंमी. हरणाच्या छातीतला मर्मभाग विसेक सेंमीचा धरला, तर मोठा ठिपका तो जवळजवळ गिळूनच टाकतो.

कार्बाइनचं काम सोपं. गाल दस्त्याला टेकतो, डोळा दरवेळी त्याच जागी येतो, ठिपका शोधावा लागत नाही. इथे बंद नळीची, 2 एमओएची साइट घ्यावी. एमपॉइंट मायक्रो टी-2 सारखी साइट मधल्या उजेडावर एका सीआर2032 सेलवर 50,000 तास चालते. इओटेकच्या होलोग्राफिक साइटमध्ये 68 एमओएचं वर्तुळ आणि मध्ये 1 एमओएचा बारीक ठिपका असतो. जवळच्या पळत्या जनावरावर ते फार झटकन बसतं, पण बॅटरी त्यामानाने लवकर संपते. मागे 3 पट मॅग्निफायर लावला की ठिपकाही तिप्पट दिसतो, त्यामुळे तो जनावराचा जेवढा भाग आधी झाकत होता तेवढाच झाकतो. एआर-15 पद्धतीच्या कार्बाइनवर साइट बंदुकीच्या नळीच्या सुमारे साडेसहा सेंमी वर बसते. म्हणून 50 मीटरला झीरो केलेली (त्या अंतरावर बरोबर ठिपक्यावर लागेल अशी साइट जुळवलेली) गोळी 10 मीटरवर पाचेक सेंमी खाली लागते. दाट झाडीत हे लक्षात ठेवावं लागतं.

रिव्हॉल्व्हरला गालाचा आधार नाही. हात लांब केला की मनगट जरासं कलतं आणि ठिपका काचेतून गायब होतो, म्हणून काच मोठी हवी. शिवाय .44 मॅग्नम किंवा .454 कॅसुलचा धक्का माउंटच्या (साइट बसवायच्या पट्टीच्या) स्क्रूंची परीक्षा घेतो. साइट जितकी जड, तितका स्क्रूंवर ताण जास्त. रिव्हॉल्व्हरची साइट निदान न हलणाऱ्या सांगाड्यावर असते, पिस्तुलात ती स्लाइडबरोबर (वरच्या सरकत्या भागाबरोबर) दर गोळीला मागेपुढे आपटते. उघड्या प्रकारात ठिपका पाडणाऱ्या एलईडीवर पावसाचा थेंब पडला की ठिपका फिसकटतो, चिखल बसला की दिसेनासाच होतो. शिकारीला बंद प्रकार बरा. ठिपका 3 ते 4 एमओएचा. याहून बारीक असला तर कापऱ्या हाताला तो सापडत नाही.

खरा पेच धनुष्यात आहे. बंदुकीत नळी आणि साइट एकमेकांना घट्ट जखडलेली असतात. बाणाचं मागचं टोक मात्र दोरीवर असतं, म्हणजे शेवटी तुमच्या हातात. हनुवटीपाशी दोरी टेकण्याची जागा जरा हलली की बाणाची दिशा बदलते. ठिपका बिचारा फक्त धनुष्य कुठे रोखलंय ते सांगतो, निशाणावरून हलतच नाही. दोरीत बसवलेल्या पीपमधून (बारीक भोकाच्या कड्यातून) धनुष्यावरची नेमाची पिन पाहताना ही चूक लगेच उघडी पडते. त्यात बाण खाली येतो तो वेगळाच. सेकंदाला 90 मीटर वेगाने सुटलेला बाण 20 मीटरवर सुमारे 24 सेंमी उतरतो, 40 मीटरवर जवळपास मीटरभर. एका ठिपक्यावर हे भागणार कसं? कंपाउंड (चाकं लावलेल्या) धनुष्याला अनेक पिनांची किंवा सरकती साइटच घ्या. बऱ्याच ठिकाणी धनुष्यावर विजेरी उपकरण लावायलाच बंदी असते, तेव्हा परवान्याचे नियम आधी वाचा. क्रॉसबोची गोष्ट वेगळी. तिथे बाण रुळावर आणि दोरी खाचेत अडकलेली असते, त्यामुळे रेड डॉट बसतो. फक्त अंतरानुसार खाली-वर तीन-चार ठिपके असलेला बघा.

विकत घेण्याआधी काचेतून मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठिपका बघा. डोळ्याला तो शेपटी फुटल्यासारखा आणि कॅमेऱ्यात गोल दिसला, तर दोष साइटचा नाही, बहुधा तुमच्या डोळ्यातल्या अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा (डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा) आहे. तसं असेल तर कार्बाइनवर प्रिझम साइट लावा. तिची खूण काचेतच कोरलेली असते आणि बॅटरी संपली तरी दिसते. रिव्हॉल्व्हरवर मात्र तिचा उपयोग नाही, कारण डोळा तिच्यापासून काही सेंमीवर लागतो.