सुटकेसला कव्हर: स्ट्रेचवालं, प्लास्टिकचं, का टेलरकडून शिवलेलं?

मे-जून आला की आमच्या बेळगावात हा विषय निघतोच. कुणाची पोरगी जर्मनीला शिकायला चाललेली असते, कुणी दुबईला कामाला, कुणी नातवंडाला सांभाळायला बेंगळूरला, आणि नवीन बॅग घेतली की दुकानदार लगेच विचारतो, कव्हर पण देऊ काय? मग घरात चर्चा सुरू. माझं मत आधीच सांगून टाकते, कव्हर निवडताना बॅगेपेक्षा रस्ता बघायचा. बॅग बसच्या डिकीतून जाणार, रेल्वेच्या बर्थखाली का विमानातून, ह्यावर सगळं ठरतंय.

आणि एक गैरसमज असतो तो आधी काढूया. कुठलंही कापडी कव्हर बॅग फुटण्यापासून वाचवत नाही. लोडर लोकांनी बॅग आदळली की पॉलीकार्बोनेटची, म्हणजे लवचिक कठीण प्लास्टिकची, असेल तर ती दबून परत वर येते, स्वस्तातली एबीएसची, म्हणजे ठिसूळ प्लास्टिकची, असेल तर कोपऱ्याला तडा जातो, वर कव्हर असलं काय नसलं काय. चाकं तर कव्हरच्या बाहेरच असतात आणि सगळ्यात आधी तीच मोडतात. कव्हर वाचवतं ते ओरखडे, डाग, ग्रीस, धूळ ह्यांच्यापासून. आणि थोडंफार चेनमध्ये हात घालणाऱ्यापासून, कारण साधी चेन बॉलपेनचं टोक खुपसून उघडता येते आणि रनर फिरवला की परत बंदही होते, कुणाला पत्ता लागत नाही. वर घट्ट कव्हर असलं की त्याला आधी ते काढावं लागतंय, एवढाच काय तो अडथळा. चोरी थांबेल असं समजून घेऊ नका.

आता स्ट्रेचवालं, म्हणजे पॉलिस्टरमध्ये थोडं स्पॅन्डेक्स घातलेलं, ऑनलाइन सगळीकडे दिसतं ते. पाचशे ते हजार-बाराशेत बरं मिळतं, वजन नगण्य, घडी करून पर्सच्या कप्प्यात बसतं, घरी वॉशिंग मशीनला टाकलं तरी चालतं (ड्रायर नको, इस्त्री तर नकोच, स्पॅन्डेक्स उष्णतेनं ढिलं पडतं). देशातल्या विमानात बहुतेक ठिकाणी १५ किलोचंच लगेज धरतात, तेव्हा हे वजन कमी असणं खरंच उपयोगाचं आहे. कठीण कवचाची बॅग आणि विमानाचा प्रवास असेल तर मी हेच घ्या म्हणेन. पण साइज बरोबर पाहिजे. २० इंची, २४ इंची, २८ इंची असं बॅगेवर लिहिलेलं असतं त्यात कुणी चाकं धरतं कुणी धरत नाही, म्हणून टेपनं स्वतः मोजा आणि दोन साइजच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. सैल कव्हर म्हणजे डोकेदुखी, कोपरा लोंबतो आणि कन्व्हेयरच्या पट्ट्यात अडकतो, मग बेल्टवर बॅग एकीकडे आणि कव्हर अर्धं सुटलेलं. खाली चेन आणि वर क्लिपचा पट्टा दोन्ही असलेलं बघा, नुसत्या वेल्क्रोवर भरवसा नको. बाजूच्या हँडलला भोक आहे का तेही बघा, बरेच जण हे विसरतात आणि बॅग उचलताना कळतं.

प्रिंटबद्दल जरा. जगाचा नकाशा आणि आयफेल टॉवर एवढे खपलेत की बेल्टवर तीन-तीन नकाशे फिरत असतात, ओळखायला म्हणून कव्हर घेतलं त्याचा फायदाच काय. एकरंगी घ्या, भडक, आणि वर आपलं चिन्ह शिवा. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान बेळगाव स्टेशनावर काळ्या ट्रंका घेऊन उतरतात, त्यावर पांढऱ्या पेंटनं नाव-नंबर ठळक लिहिलेलं असतं, तसं लांबनं वाचता आलं पाहिजे.

पाऊस मात्र स्ट्रेचवाल्याच्या आरपार जातो. जुलैत चोर्ला घाटातनं गोव्याला जाऊन तिथनं विमान पकडणार असाल, बॅग गाडीच्या कॅरियरवर, तर हे कव्हर ओलं फडकं होऊन बसतं आणि ते तसंच ठेवलं तर वास मारतं. इथं पारदर्शक प्लास्टिकचं, पीव्हीसीचं, बरं. पाणी आत जात नाही, पुसलं की स्वच्छ, बॅगेचा रंगही दिसतो. बाकी त्याचं कौतुक मला नाही. वापरून पिवळं पडतं, घडीवर चिरतं, युरोपच्या थंडीत कडक होतं आणि आत दमट राहिलं तर बाहेर निघायला वाट नाही. कॅरियरवर टाकायची असेल तर खरं तर ताडपत्रीच टाकावी, पण ते वेगळं.

मला मनापासून आवडतं ते शिवलेलं. व्हीआयपीच्या सुटकेसला खाकी कापडाचं बटणवालं कव्हर घरोघरी असायचं, आठवतंय का? तेच आजच्या चाकवाल्या बॅगेला पण होतं. जाड कॅनव्हास किंवा डकचं (तसंच घट्ट विणीचं सुती) कापड घ्यायचं, शहापुरात नाहीतर तुमच्या निपाणी-खानापुरातल्या टेलरकडे बॅगच घेऊन जायचं, नुसती मापं सांगून जमत नाही. टेलरमामा आधी बॅग आडवी पाडतात, मग विचारतात, चाकं धरून माप घेऊ काय सोडून? सोडूनच सांगा, आणि तळाला पूर्ण बंद नको, चाकांच्या बाजूनं कापड दुमडून चेन लावायला सांगा. वरच्या ओढायच्या हँडलच्या भोकाला आतनं दुसऱ्या कापडाची पट्टी मारून घ्या, फाटायला सुरुवात तिथनंच होते. कॅनव्हास धुवून मगच शिवायला द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि बॅग आत जायची नाही, आणि पांढऱ्या बॅगेला लाल-मरून कापड नको, ओलं झालं की रंग उतरतो.

ह्याचं वजन जास्त, मान्य. पण आपला बहुतेकांचा प्रवास काय असतो? रात्रीची स्लीपर बस, डिकीत तेलाचे डबे, कुणाची आंब्याची पेटी, खाली तांबडी धूळ. नाहीतर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूर, बॅग बर्थखाली साखळीनं बांधलेली. तिथं साखळी घासते, कुणी पायानं ढकलतं, चहा सांडतो, आणि अशा ठिकाणी पातळ स्ट्रेच कापडाला धागे सुटतात, कॅनव्हासला काही होत नाही. बाजूच्या हँडलमधनं साखळी जायला मोठं भोक ठेवा मात्र.

एअरपोर्टवर प्लास्टिकची फिल्म गुंडाळून देतात ते एका वेळचं काम. खच्चून भरलेली बॅग, जुनी चेन, एकाच बाजूचा प्रवास, म्हणजे गल्फला चाललेल्यांना ठीक. प्रत्येक वेळी पैसे द्या आणि कस्टम्सनं उघडायला लावली की कापून टाका. अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर गुंडाळायच्या भानगडीत पडूच नये, तिथं टीएसएवाले, म्हणजे एअरपोर्टची सुरक्षा तपासणी करणारे, बॅग उघडून तपासू शकतात, फिल्म कापणारच, कापडी कव्हर काढलं तर परत नीट घालतील ह्याची पण खात्री नाही.

सॉफ्ट बॅग असेल, जाड नायलॉनची, तर कव्हरवर पैसे घालू नका, ती मळण्यासाठीच असते. कॅबिन बॅगेला पण नको, ती आपल्या हातातच असते.

कुठलंही घ्या, बेल्टवरनं बॅग उचलली की तिथंच कव्हर काढून बघा. आत तडा गेलेला असतो आणि तो दिसतो घरी टिळकवाडीत पोचल्यावर. बाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवर लेखी तक्रार द्या, कागदाची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रिअल कराराप्रमाणे बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार चालते, पण काउंटरवर दिलेली असली की वाद कमी होतो. साध्या ओरखड्यांचे पैसे बहुतेक एअरलाइन देत नाहीत, ते झीज म्हणून सोडून देतात.