स्वॅश: फुकट, पण नखरेल
नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचं, लाटांचं गणित मांडणारं हे सॉफ्टवेअर नाशिकमध्ये, समुद्रापासून लांब बसूनही चालतं. मेरीच्या (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) गावाला पाण्याची गणितं नवी नाहीत म्हणा. ब्रेकवॉटरमागे (लाटा अडवणाऱ्या बांधामागे) वळणाऱ्या, धक्क्यावरून परतणाऱ्या लाटा यात नीट दिसतात. डेल्फ्टचंच लाटांचं दुसरं सॉफ्टवेअर, स्वान, तिथे कमी पडतं. गणितासाठी पाणी छोट्या खान्यांत विभागणारी जाळी आखताना कंजूषी नको. 8 सेकंदांची लाट 5 मीटर खोलीत साधारण 53 मीटर लांब. तिच्यात 50 खाने धरले तर खाना जेमतेम 1 मीटरचा. लाटा बाहेर जातात त्या कडेला 3-4 लाटलांबींचा स्पंज लेयर (लाट शोषणारा पट्टा) हवाच, नाहीतर लाट परत आत येते आणि बंदरात खोटाच हेलकावा दिसतो. खोलीचे आकडे भरताना खालची दिशा धन (+). चिन्ह उलटलं की अख्खं बंदर कोरडं! रनमधली, म्हणजे गणितातल्या वेळेची, सुरुवातीची 15 मिनिटं हिशेबात धरू नका. एप्रिलात लॅपटॉप तापून मंदावतो, रन रात्रीच लावा.