एटिमऑनलाइन: ‘टेम्पेस्चुअस’पुरती पारख

इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगणारं डग्लस हार्पर यांचं एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ फुकट आहे, 2001पासून चालू आहे आणि भाषांतराचं काम करणाऱ्याला रोज लागेल इतकं उपयोगी आहे. फक्त ते वाचता यायला हवं. पारख करायला ‘टेम्पेस्चुअस’ (tempestuous, वादळी) हा शब्द बरा. घटकेत भडकणारं, घटकेत निवळणारं नातं असलं की इंग्रजीत हाच शब्द हमखास येतो.

शोधचौकटीत शब्द टाकला की नोंदीच्या सुरुवातीलाच ‘लेट 14सी’ दिसतं आणि बहुतेकांना पहिली ठेच तिथेच लागते. हा 1400च्या पुढचा काळ नव्हे. चौदावं शतक म्हणजे 1301 ते 1400, आणि ‘लेट’ म्हणजे त्यातली शेवटची पंचवीसेक वर्षं. ही शब्दाच्या जन्माची तारीखही नव्हे. सापडलेल्या सगळ्यांत जुन्या लेखी वापराची आहे. 1700च्या आधीची असेल तर ती अंदाजेच धरायची.

खरा ऐवज पुढे आहे. नोंद सांगते की इंग्रजीत या शब्दाचा लाक्षणिक अर्थ जुना. खरोखरच्या वादळी हवेसाठी तो साधारण 1500पासून दिसतो. आधी माणसं खवळली, समुद्र नंतर!

मूळ लॅटिन ‘टेम्पेस्टास’: वादळ, हवा, ऋतू आणि वेळसुद्धा. त्याच्या मागे ‘टेम्पुस’, म्हणजे काळ. मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा यांच्या शेपटातही ‘काळ’च आहे. ‘टेम्पुस’च्या दुव्यावरून आणखी मागे गेलं की ‘ताणणे’ अर्थाचा धातू लागतो, संस्कृत ‘तन्’ आणि आपला ‘ताण’ ज्या कुळातले ते. पण त्या धातूआधी तारकाचिन्ह असतं. म्हणजे लेखी पुरावा नाही, भाषांची तुलना करून बांधलेलं रूप आहे. ‘टेम्पेस्ट’ (वादळ) आणि ‘ताण’ भावंडं, असं व्हॉट्सॲपवर ठोकून देण्याआधी एक ‘बहुधा’ जोडा.

वापराच्या बाबतीत मात्र ही साइट तोकडी. अर्थाने जवळचा ‘टर्ब्युलंट’ हा लॅटिन ‘टुर्बा’वरून, म्हणजे गर्दी-गोंधळावरून आला, एवढं समजतं, पण विमानाला हादरे देणारी हवा टर्ब्युलंट आणि संसार टेम्पेस्चुअस, हे कळायला नेहमीचा कोश उघडावाच लागतो. उच्चाराची चिन्हंही नाहीत (जोर ‘पे’वर द्यायचा). आणि आपली ‘वादळी खेळी’ इंग्रजीत नेताना ‘टेम्पेस्चुअस’ टाळावा: त्यात धडाका नाही, भडका आहे.