हर्ब किट: बाकी सगळं माफ, पण ‘पेपरमिंटचं बी’?

घरी हर्ब, म्हणजे स्वयंपाकाच्या आणि औषधी वनस्पती, वाढवायचा संच: बियांची बारा पाकिटं, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) चकत्या, खाचांचा ट्रे, वर पारदर्शक झाकण आणि नावं लिहायला लाकडी पट्ट्या. संच कसा असतो ते आणखी सांगत बसत नाही, सगळ्या कंपन्यांचा साधारण सारखाच असतो. काही महिने वापरून झाल्यावर लिहिते आहे. खरं तर लिहिणारही नव्हते, पण कस्टमर केअरचा शेवटचा ईमेल आला आणि राहवेना.

भांडण पेपरमिंटवरून, म्हणजे पुदिन्याच्या एका प्रकारावरून आहे. पेपरमिंट बियांपासून येत नाही. पाणपुदिना आणि स्पिअरमिंट या पुदिन्याच्याच दोन जातींच्या संकरातून झालेली ही वनस्पती आहे. तिला फुलं येतात, पण ती वांझ. क्वचित एखादं बी धरलंच, तरी त्यातून पुन्हा पेपरमिंटच निघेल असं नाही. शास्त्रीय नावातसुद्धा मधे फुली असते, मेंथा × पिपेरिटा, ती संकराचीच खूण. खरं पेपरमिंट वाढवतात ते फांदी लावून, नाहीतर जमिनीखालून पळणाऱ्या खोडाचा तुकडा लावून. १७५३ मध्ये लिनियसने त्याला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं होतं. त्या काळात ते चालून गेलं. आज बियांचा धंदा करणाऱ्याने पाकिटावर ‘पेपरमिंट, उगवण हमखास’ छापावं हे कसं चालेल?

आणि उगवण झाली बरं का, हमखासच झाली. त्यामुळेच सुरुवातीला काही खटकलं नाही. पुदिन्याचं बी धुळीएवढं बारीक असतं. मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि वरून दाबायचं, झाकायचं नाही. सगळं व्यवस्थित वर आलं. रोपं बोटभर झाल्यावर पान चुरगळून वास घेतला, तर प्रत्येकाचा वेगळा. एकाचा च्युइंगमसारखा गोडसर, तो कार्व्होन या सुवासिक घटकाचा, म्हणजे ते स्पिअरमिंटकडे झुकणारं. दुसऱ्याला जवळजवळ वासच नाही. तिसऱ्याची पानं लोकरीसारखी केसाळ आणि वास ओल्या फडक्याचा. जिभेवर ठेवल्यावर घशापर्यंत गार वाटायला हवं, तसं एकानेही केलं नाही. तो गारवा मेंथॉलचा असतो. पेपरमिंटच्या तेलात मेंथॉल सगळ्यात जास्त असतं, स्पिअरमिंटमध्ये ते नावालाच.

तुम्ही म्हणाल, पुदिना तो पुदिना, चटणीत काय फरक पडतो? चटणीत नाही पडत. पण बॉक्सवर मोठ्या अक्षरांत ‘औषधी’ लिहिलंय आणि पेपरमिंटपुढे ‘पचनासाठी’. पोटाच्या तक्रारींसाठी ज्यावर अभ्यास झाले आहेत ते पेपरमिंटचं तेल आहे, तेही आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूलमधलं. कुंडीतल्या अनोळखी पुदिन्याच्या चहाला तो दाखला लागू होत नाही. शिवाय ज्यांना छातीत जळजळ होते त्यांना खरं पेपरमिंट उलट त्रास देऊ शकतं, कारण अन्ननलिकेच्या खालची झडप त्याने सैल पडते. स्वयंपाकासाठी लावलेल्या झाडाचं नाव चुकलं तर चव बिघडते, एवढंच. औषध म्हणून लावलेल्या झाडाचं नाव चुकून कसं चालेल? बॉक्सवर त्याबद्दल अवाक्षर नाही.

फोटोंसकट ईमेल केला. उत्तर आलं, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया माती ओलसर ठेवा व रोपांना पुरेसा उजेड द्या.’ मग फोन लावला.

‘मॅडम, पाकिटावरची तारीख बघाल का? बी ताजं आहे.’

‘बी ताजंच आहे. उगवलंय सगळं.’

‘मग मॅडम, तक्रार काय आहे?’

तक्रार अशी की जे उगवलं ते पेपरमिंट नाही. हे मी तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. पलीकडच्या मुलाचा काही दोष नाही, त्याच्यासमोरच्या यादीत ‘उगवलं नाही’ एवढीच तक्रार असणार. त्याने बिचाऱ्याने बदली पाकीट पाठवलं. त्याच छपाईचं, त्याच ‘पेपरमिंट’चं.

आता बाकीचं, कारण संच सगळाच टाकाऊ नाही.

बेसिल (पाश्चात्त्य स्वयंपाकातली तुळस) सरळ पास. पाणी लागताच बियांभोवती निळसर पांढुरकं जेलीसारखं आवरण धरतं, ते बघून घाबरू नका, सब्जाचं तेच होतं. पंचवीस अंशांच्या आसपास ऊब मिळाली तर आठवड्याच्या आत वर येतं. दहा अंशांखाली गेलं की पानं काळी पडतात, म्हणून थंडीत खिडकीच्या काचेला खेटून ठेवू नका. चार-पाच जोड पानं झाली की शेंडा पानांच्या जोडीच्या लगेच वर खुडायचा, तिथून दोन फांद्या फुटतात. माहितीपत्रकात हे कुठेच नाही. त्यात फक्त ‘गरजेनुसार पानं तोडा’ आहे. तसं खालची मोठी पानं तोडत बसलं तर वर काठी आणि टोकाला झुबका राहतो.

कोथिंबिरीचं पाकीट मला सगळ्यात जास्त झोंबलं, पैशांच्या हिशोबाने. स्वयंपाकघरातल्या डब्यातले न भाजलेले अख्खे धणे उगवतात, कंपनीचं बी नाव छापलेल्या कागदात येतं एवढाच फरक. एक धणा म्हणजे दोन बिया. हलक्या हाताने रगडून दोन फाका करून पेरल्या तर तेवढ्याच मुठीत दुप्पट रोपं. आणि कोथिंबीर चकतीत पेरून नंतर कुंडीत हलवायची, हा पत्रकातला सल्ला तर सोडूनच द्या. तिचं सोटमूळ दुखावलं की ती रुसते आणि पानं धरायच्या आधीच फुलावर येते. जिथे वाढवायची तिथेच पेरा.

पार्सलीला तीन आठवडे लागले तरी पाकीट फेकू नका, तिची चालच तशी. रात्रभर भिजवून पेरली तर जरा लवकर येते. मात्र तिचं बी जुनं नको, वर्ष-दोन वर्षांत उगवण चांगलीच घसरते. बेसिलचं बी त्या मानाने कितीतरी वर्षं टिकतं. शंका असेल तर दहा बिया ओल्या टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून डबीत ठेवा, किती मोड येतात बघा आणि मग माती खर्च करा.

झाकणाबद्दल मी आधी इथे एक ओळ लिहून ठेवली होती, ‘या संचातली सगळ्यात कामाची वस्तू’. ती काढत नाही, पण तिच्यापुढे हे जोडते. उगवेपर्यंत झाकण उत्तम आहे. ओल टिकते, बारीक बी सुकत नाही. पण पत्रक म्हणतं चार पानं येईपर्यंत झाकण ठेवा, आणि घोटाळा तिथेच आहे. संध्याकाळी ताठ उभी असलेली थाइमची रोपं सकाळी आडवी. भिंग घेऊन बघितलं तर पानं हिरवीगार, पण मातीलगत देठ दोऱ्याएवढा बारीक झालेला, पाणी पिऊन पारदर्शक, जणू कोणी चिमटीत धरून पिळलाय. यालाच रोपं कोलमडणं म्हणतात. ओलसर, कोंदट हवेत मातीतल्या बुरशा, पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे, कोवळा देठ खातात. एकदा पडलेलं रोप उठत नाही. पहिले कोंब दिसले की झाकण काढा, पाणी वरून ओतण्याऐवजी ट्रेमध्ये खालून द्या आणि वरचा थर मधे मधे सुकू द्या. तसं केल्यावर पुढची पेरणी टिकली आणि कोकोपीटभोवती घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्याही गेल्या. त्यांच्या अळ्यांना ओला वरचा थरच लागतो. थोडक्यात, झाकण चांगलं, पत्रक वाईट.

चकत्यांभोवतीची जाळी विरघळते असा दावा आहे. कुंडी उकरून बघितली तर जाळी जशीच्या तशी आणि मुळं आत गोल फिरलेली. लावताना कात्रीने कापून टाका.

रोझमेरीवर मी सुरुवातीला फार चिडले होते. पूर्ण पाकिटातून एक रोप, तेसुद्धा आशा सोडल्यावर. आता तो राग नाही. रोझमेरीची उगवण मुळातच कमी आणि आळशी असते, हे कुठल्याही कंपनीच्या बियांचं रडगाणं आहे. लॅव्हेंडरचं तसंच, त्याला आधी काही आठवडे ओलसर थंडी द्यावी लागते, म्हणजे ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये. पत्रकात हे लिहिलं असतं तर बी वाया गेलं नसतं. पण पाकिटात निदान रोझमेरी आणि लॅव्हेंडरच होतं. टॅरागॉनचं पाकीट मात्र काठावर आहे. स्वयंपाकात ज्याची वाहवा होते ते फ्रेंच टॅरागॉनसुद्धा बियांपासून मिळत नाही, बी मिळतं ते रशियन टॅरागॉनचं, वाढायला दांडगं आणि चवीला फिकं. पाकिटावर नुसतं ‘टॅरागॉन’ आहे, ‘फ्रेंच’ लिहिलेलं नाही, त्यामुळे कायद्याने सुटले.

मन जिंकलं ते कॅमोमाइलने. अपेक्षा शून्य होती. बी वर भुरभुरलं, उजेडात ठेवलं (त्याला उगवायला उजेड हवा, मातीखाली गाडलं तर बसलं), झाकणाचा प्रसंग निभावला आणि दोन-अडीच महिन्यांत फुलं. पांढऱ्या पाकळ्या जुन्या होताना मागे वळतात आणि मधला पिवळा भाग टोकदार वर येतो. तो ब्लेडने उभा कापून बघा, आतून पोकळ असेल तर जर्मन कॅमोमाइल, भरीव असेल तर नाही. माझं पोकळ निघालं, म्हणजे या पाकिटावर जे छापलं तेच आत होतं. किती साधी अपेक्षा आहे! फुलं सकाळी दव सुकल्यावर खुडून सावलीत वाळवली. एका कपासाठी बरीच लागतात, तेव्हा एका कुंडीवर वर्षाचा चहा निघेल या भ्रमात राहू नका. शेवंती-झेंडूच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी लांब राहावं, आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बॉक्सवर फक्त ‘शांत झोप’ लिहिलंय.

उजेडाचं एक सांगते. ‘खिडकीत वाढवा’ म्हणतात, पण बहुतेक खिडक्यांत तेवढा उजेड नसतो आणि रोपं किडकिडीत, लांबट होऊन काचेकडे झुकतात. त्यासाठी महागडे जांभळे दिवे घ्यायची गरज नाही. घरात होती तीच साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांपासून वीतभर उंचीवर टांगली, दिवसाला चौदा-पंधरा तास चालू. बेसिल आणि ओरेगॅनो दोन्ही बुटके, जाड देठाचे झाले.

आता पेपरमिंटचा पुढचा भाग. ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे खरं पेपरमिंट आहे, तिने वर्तमानपत्रात गुंडाळून दोन फांद्या दिल्या. जांभळट चौकोनी खोड आणि प्रत्येक पानाला स्वतःचा छोटा देठ. संचातल्या गोडसर वासाच्या रोपाची पानं जवळजवळ थेट खोडाला चिकटलेली होती, शेजारी ठेवल्यावर फरक लगेच दिसला. खालची पानं काढून फांद्या ग्लासभर पाण्यात ठेवल्या, आठवड्याभरात पांढरी मुळं. खर्च शून्य. वेगळ्या कुंडीत लावलंय, कारण पुदिना शेजाऱ्याची जागा खातो.

दोन्ही पानांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून कंपनीला पाठवले. त्यावर तो शेवटचा ईमेल आला, ‘आमच्या तज्ज्ञांच्या मते पुदिन्याच्या सर्व जाती एकाच कुळातील असल्याने सुवासात किंचित फरक संभवतो.’ एकाच कुळात तर तुळस, थाइम, ओरेगॅनो आणि रोझमेरीसुद्धा आहेत. मग वेगवेगळी पाकिटं विकता कशाला? सोबत पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन होतं, त्यावर आठ दिवसांची मुदत.

घ्यायचंच असेल तर बेसिल, पार्सली, कॅमोमाइल, थाइम, ओरेगॅनो सुटी पाकिटं घ्या, तीही या वर्षीची. धणे डब्यातून. पुदिना, रोझमेरी, टॅरागॉन कोणाकडून तरी फांदी मागून आणा, लोक आनंदाने देतात. ट्रे आणि झाकण चांगलं आहे, पण मिठाईच्या पारदर्शक डब्यात तेच काम होतं.

पाचपैकी दोन तारे. कॅमोमाइलसाठी तीन देणार होते, एक त्या ‘किंचित फरक’साठी कापला.